वाचकांचे प्रश्न : केन ड्रायडन, बर्फावरचे आणि बर्फाबाहेरचे

कॅनडाचे नामवंत आइस हॉकी गोलरक्षक केन ड्रायडन यांचे ५ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्याविषयी या मासिकात एक लहान टिपण प्रसिद्ध झाले होते. एका अपरिचित खेळातल्या, परदेशातल्या खेळाडूवरील त्या टिपणाला इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : ड्रायडन हे सहा वेळा विजेत्या ठरलेल्या संघाचे गोलरक्षक होते, वकील होते, लेखक होते आणि पुढे केंद्रीय मंत्रीही झाले, असे आपण लिहिले आहे. खेळाडूने निवृत्तीनंतर राजकारणात जाणे आपल्याला नवीन नाही. परंतु व्यावसायिक खेळ चालू असतानाच कायद्याची पदवी घेणे कसे जमले? शिवाय मला हा खेळ मुळीच कळत नाही. गोलरक्षक म्हणून त्यांचे मोठेपण कशात होते, तेही सांगावे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी खेळाविषयी थोडे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. आइस हॉकीत प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात आणि त्यांतला एक गोलरक्षक असतो. ज्या वस्तूसाठी सारी झटापट चालते तो ‘पक’ म्हणजे टणक रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती. गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते, आणि जोरदार फटक्यानंतर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा पक या चौकटीत शिरू न देणे हे गोलरक्षकाचे काम. ड्रायडन यांच्या काळात मास्क म्हणजे चेहऱ्याला घट्ट बसणारे फायबरग्लासचे पातळ कवच होते, आणि पायांवरची चामडी पॅड खेळ संपेपर्यंत पाणी पिऊन जड होत. त्यांचा लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्तुळांनी रंगवलेला मास्क कॅनडातल्या घराघरांत ओळखला जाई.

१९७०-७१ ते १९७८-७९ या काळात ते माँट्रियल कॅनेडियन्स या एकाच संघाकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळले. साखळीतील ३९७ सामन्यांत त्यांनी २५८ विजय मिळवले, ७४ सामने बरोबरीत सुटले आणि पराभव झाले अवघे ५७; उरलेल्या आठ सामन्यांचा निकाल त्यांच्या नावे नोंदला गेला नाही. ४६ सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करू दिला नाही. सामन्यामागे त्यांनी स्वीकारलेल्या गोलांची सरासरी २.२४ आहे, आणि ही सरासरी ज्या काळातली आहे त्या काळात लीगमधील संघ सामन्याला सरासरी तीनपेक्षा जास्त गोल करीत असत. १९७१, १९७३ आणि १९७६ ते १९७९ अशी सलग चार वर्षे त्यांच्या संघाने स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचे अजिंक्यपद, जिंकला. १९७६-७७ च्या हंगामात तर ८० सामन्यांपैकी केवळ आठ सामने हा संघ हरला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे : लॅरी रॉबिन्सन, सर्ज सॅव्हार्ड आणि गी लापॉइंट यांच्यासारखी बचावफळी पुढे उभी असताना आणि स्कॉटी बोमन यांच्यासारखा प्रशिक्षक मागे असताना गोलरक्षकाचे श्रेय ते किती? या आक्षेपाचे अर्धे उत्तर पुढच्या प्रश्नात आपोआप येईल. उरलेले अर्धे असे की, ज्या गोलरक्षकावर फटके कमी येतात त्याचे काम सोपे होते, ही समजूत बरोबर नाही. दहा-दहा मिनिटे पक समोरच्या टोकाला फिरत राहतो, शरीर थंड पडते, मन भरकटू लागते, आणि मग अचानक एक खेळाडू एकटा अंगावर चालून येतो. सामना बहुधा त्या एका क्षणावर ठरतो. असे रिकामे क्षण आले की सहा फूट चार इंच उंचीचे ड्रायडन आपली स्टिक बर्फावर उभी रोवून, तिच्या टोकावर दोन्ही हात ठेवून, किंचित पुढे झुकून शांतपणे उभे राहत. ही ढब त्यांची ओळख बनली.

आता शिक्षणाविषयी. ड्रायडन यांचा जन्म १९४७ साली ऑन्टारिओतील हॅमिल्टन येथे झाला आणि बालपण टोरांटोच्या उपनगरात गेले. त्यांचे वडील मरे ड्रायडन यांनी घरामागच्या अंगणात डांबर घालून तेथे गोलच्या चौकटी बसवल्या होत्या. थोरला भाऊ डेव्ह आणि धाकटा केन तेथे शेजारच्या मुलांबरोबर चेंडूने हॉकी खेळत वाढले. पुढे दोघेही एनएचएलचे गोलरक्षक झाले. याच मरे ड्रायडन यांनी पत्नी मार्गारेट यांच्यासह १९७० साली गरीब देशांतील मुलांना गादी, चादर, मच्छरदाणी, कपडे आणि शाळेचे साहित्य देणारी एक धर्मादाय संस्था काढली. तिच्या कामाचा आरंभ भारतातील मुलांपासून झाला आणि पुढे डेव्ह यांनी तिची धुरा वाहिली. ड्रायडन यांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार करताना हे घर लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

१९६४ साली, लीगचे संघ होतकरू खेळाडूंचे हक्क वाटून घेतात त्या निवडप्रक्रियेत, बॉस्टन ब्रुइन्स या संघाने त्यांची निवड केली आणि लगेच त्यांचे हक्क माँट्रियलकडे दिले. आपली निवड मुळात बॉस्टनने केली होती हे त्यांना कित्येक वर्षांनी समजले. त्या काळी होतकरू मुले शिक्षण सोडून ज्युनिअर संघांकडे जात आणि तेथून व्यावसायिक होत. ड्रायडन यांनी तसे केले नाही. ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले, तेथे इतिहास शिकले, १९६७ साली विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, आणि ८१ सामन्यांत केवळ चार पराभव पत्करून १९६९ साली पदवीधर झाले. त्यानंतर ते कॅनडाच्या राष्ट्रीय संघात दाखल झाले आणि विनिपेगमध्ये राहून मॅनिटोबा विद्यापीठात कायदा शिकू लागले. १९७० साली कॅनडाने आंतरराष्ट्रीय हॉकीतून अंग काढून घेतल्यावर तो संघच मोडला. मग त्यांनी माँट्रियलशी करार केला आणि तेथल्या मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण पुढे चालू ठेवले. सुरुवातीला ते माँट्रियलच्या दुय्यम संघातून खेळत होते, त्यामुळे वर्ग आणि रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, ही दोन्ही ठिकाणे एकाच शहरात होती. ‘कसे जमले’ या आपल्या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर इतकेच आहे की, करार करताना त्यांनी शिक्षणाची सोय आधी पाहिली आणि खेळ तिच्याभोवती बसवला.

मार्च १९७१ मध्ये त्यांना मुख्य संघात बोलावणे आले. साखळीतले सहा सामने ते खेळले आणि सहाही जिंकले. त्यांपैकी एका सामन्यात समोरच्या बफेलो संघाच्या गोलमध्ये त्यांचा भाऊ डेव्ह होता. दोन सख्खे भाऊ गोलरक्षक म्हणून समोरासमोर येण्याची एनएचएलमधील ती पहिलीच वेळ. एवढ्या तुटपुंज्या अनुभवाच्या तरुणाला माँट्रियलने बाद फेरीत थेट गतविजेत्या बॉस्टनपुढे उभे केले. त्या वर्षीच्या बॉस्टन संघात ७६ गोल करणारे फिल एस्पोझिटो होते आणि त्या काळचे अव्वल बचावपटू बॉबी ऑर होते. माँट्रियलने सातव्या सामन्यात बॉस्टनला बाहेर काढले, पुढे अंतिम फेरीत शिकागोलाही सातव्या सामन्यात ३-२ असे हरवले, आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक या कायद्याच्या विद्यार्थ्याला मिळाला. सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा काल्डर करंडक त्यांना त्यानंतरच्या वर्षी मिळाला, कारण नियमांनुसार ते अजून नवोदितच होते. हे दोन सन्मान अशा उलट क्रमाने मिळवणारा दुसरा खेळाडू नाही.

त्या विजयानंतरच्या उन्हाळ्यात ते वॉशिंग्टनला गेले आणि ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांच्या गटात जलप्रदूषणाच्या प्रश्नावर काम करू लागले. म्हणून, ‘खेळ संपल्यावर ते समाजकारणाकडे वळले’ असे जे लिहिले जाते ते मला पटत नाही. चोविसाव्या वर्षीच दोन्ही कामे शेजारी शेजारी चालू होती. १९७२ साली सोव्हिएत संघाविरुद्धच्या गाजलेल्या आठ सामन्यांच्या मालिकेत ते चार सामने खेळले : माँट्रियलमधला पहिला, जो कॅनडा ७-३ असा हरला, आणि मॉस्कोतला शेवटचा, जो ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसन यांच्या गोलने ६-५ असा जिंकला, हे दोन्ही त्यांतच आले. आणि १९७३ साली, दुसरा स्टॅन्ले कप जिंकला त्याच वर्षी, त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

प्रश्न : यशाच्या ऐन शिखरावर असताना ते एक वर्ष खेळापासून दूर राहिले आणि एका वकिली कचेरीत अगदी किरकोळ पगारावर काम करू लागले, असे वाचले. हा हट्ट होता की हिशेब? (एक चार्टर्ड अकाउंटंट, पुणे)

उत्तर : दोन्ही होते, असे म्हणावे लागेल, परंतु हिशेब समजून घेतला म्हणजे हट्ट रास्त वाटू लागतो.

१९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचे मोल एकाएकी वाढले. एनएचएलमधील नामवंत आक्रमक खेळाडू बॉबी हल यांना विनिपेगच्या संघाने दहा लाख डॉलर देऊन नेले, तेव्हा सगळ्याच खेळाडूंच्या ध्यानात आले की आजवर आपल्याला फार कमी मिळत होते. तोपर्यंत एनएचएलमध्ये खेळाडू एका संघाशी जवळजवळ कायमचा बांधलेला असे आणि मालक देईल ते मानधन घेत असे. १९७३ साली ड्रायडन लीगमधील सर्वोत्तम गोलरक्षकांत गणले जात होते, आणि तरीही त्यांच्याहून कमी यशस्वी असलेल्या अनेक गोलरक्षकांना त्यांच्यापेक्षा जास्त पैसे मिळत होते. त्यांनी करारात सुधारणा मागितली. संघव्यवस्थापनाने ती नाकारली. तेव्हा त्यांनी त्या हंगामात न खेळण्याचा निर्णय जाहीर केला.

ऑन्टारिओत कायद्याच्या पदवीधराला सनद मिळण्याआधी एखाद्या कचेरीत उमेदवारी करावी लागते. आपल्या व्यवसायातील आर्टिकलशिपसारखाच हा प्रकार आहे, त्यामुळे आपल्याला तो अधिक सांगायला नको. ड्रायडन टोरांटोतील एका मोठ्या वकिली कचेरीत आठवड्याला १३४ डॉलर विद्यावेतनावर रुजू झाले. हा आकडा तेव्हा वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा छापला गेला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, व्यवस्थापनाशी वाटाघाटी करताना या खेळाडूजवळ ‘नाही’ म्हणण्याची ताकद होती, आणि ती ताकद त्याला कायद्याच्या पदवीने दिली होती. संघातील बहुतेक सहकारी खेळ सोडून दुसरे काही करू शकतील अशा स्थितीत नव्हते, आणि मालकांना ते पक्के ठाऊक होते. ड्रायडन यांच्याबाबतीत मात्र तो अंदाज चुकला. उमेदवारी त्यांना कधी ना कधी करायचीच होती. त्यांनी ती त्याच वर्षी उरकून घेतली.

आता मागच्या उत्तरात उधार ठेवलेला मुद्दा, म्हणजे गोलरक्षकाचे श्रेय किती हा. १९७२-७३ मध्ये ड्रायडन असताना माँट्रियलने ७८ सामन्यांत १८४ गोल स्वीकारले होते. १९७३-७४ मध्ये ते नसताना, बचावफळी जवळपास तीच असताना, तेवढ्याच सामन्यांत हा आकडा २४० वर गेला, आणि पहिल्याच बाद फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सकडून पराभूत होऊन संघ स्पर्धेबाहेर पडला. एका माणसाच्या किमतीचा याहून स्वच्छ ताळेबंद क्रीडाक्षेत्रात क्वचितच पाहायला मिळतो. पुढच्या हंगामात बऱ्याच वाढीव मानधनावर ते परतले. वर्षभराच्या खंडानंतर लय सापडायला त्यांना वेळ लागला आणि १९७४-७५ चा हंगाम त्यांच्या लौकिकाला साजेसा गेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यानंतर मात्र सलग चार अजिंक्यपदे आली.

१९७९ साली, चौथ्या सलग विजयानंतर, वयाच्या केवळ ३१ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली. दुखापत नव्हती, संघाने काढलेही नव्हते. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज येथे राहून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि त्यातून १९८३ साली ‘द गेम’ हे पुस्तक आले. त्यात विजयांच्या वर्णनापेक्षा खेळाडूच्या रोजच्या जगण्याचा विचार जास्त आहे : प्रवास, कपडे बदलण्याच्या खोलीतली चेष्टामस्करी, कीर्ती आणि पैसा माणसाचे काय करतात, आणि मोकळ्या वेळात, कोणी शिकवायला नसताना, मूल खेळातले खरे कसब कसे कमावते. दुसऱ्या लेखकाकरवी आत्मचरित्र लिहून घेण्याची प्रथा खेळाडूंत सर्वत्र आहे. हे पुस्तक ड्रायडन यांनी वाक्यावाक्याने स्वतः लिहिले आणि ते वाचताना जाणवते.

प्रश्न : टिपणात ड्रायडन यांनी मंत्री म्हणून बालसंगोपनाची देशव्यापी योजना आखल्याचा उल्लेख एका ओळीत होता. मी अंगणवाडीत काम करते, म्हणून मला त्याबद्दल अधिक वाचायला आवडेल. ती योजना टिकली का? (एक अंगणवाडी सेविका, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ताई, तो उल्लेख एका ओळीत आटोपायला नको होता, हे आपले पत्र वाचून पटले.

१९९७ पासून ड्रायडन टोरांटो मेपल लीफ्स या संघाच्या व्यवस्थापनात, २००३ पर्यंत अध्यक्ष म्हणून, होते. ते काम सोडून २००४ साली ते लिबरल पक्षातर्फे टोरांटोतील यॉर्क सेंटर मतदारसंघातून निवडून आले आणि पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी त्यांना समाजविकास खाते दिले. आईवडील कामावर गेल्यावर शाळेच्या वयाआधीच्या मुलांना सांभाळायचे कोणी, हा कॅनडातील कुटुंबांपुढचा मोठा प्रश्न होता, कारण खासगी पाळणाघरांचे शुल्क अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. क्युबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला पाच डॉलर दराने पाळणाघरे सुरू करून एक वाट दाखवली होती, परंतु देशभर तशी व्यवस्था नव्हती. आरोग्य आणि शिक्षणाप्रमाणेच हा विषयही प्रांतांच्या अखत्यारीत असल्याने केंद्राला एकट्याने योजना लादता येत नव्हती. पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर देण्याची तयारी दाखवून ड्रायडन यांनी एकेका प्रांताशी बोलणी केली, आणि २००५ सालच्या अखेरीपर्यंत दहाही प्रांतांशी करार झाले. कॅनडाचे केंद्र आणि प्रांत यांच्यातले ताणलेले संबंध ज्यांना माहीत आहेत, त्यांना दहा करारांची किंमत कळेल. मुले सांभाळणे म्हणजे त्यांना नुसते बसवून ठेवणे नसून ती शिक्षणाची पहिली पायरी आहे, ही भूमिका ते सातत्याने मांडत असत. आपण रोज तेच काम करता.

योजना टिकली नाही. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत सरकार गेले, स्टीफन हार्पर यांच्या नव्या सरकारने हे करार रद्द केले आणि त्याऐवजी सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दरमहा शंभर डॉलर पालकांच्या हाती देण्यास सुरुवात केली. दोन्ही बाजूंना आपापले युक्तिवाद होते. पैसे हाती दिल्याने पालकांना निवड करता येते असे एक पक्ष म्हणे, तर शंभर डॉलरांत पाळणाघराची एक जागाही नव्याने उभी राहत नाही असे दुसरा म्हणे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. ड्रायडन त्याच वर्षी पक्षाच्या नेतृत्वासाठी उभे राहिले, पण ते मागे पडले. खासदार म्हणून ते २०११ पर्यंत राहिले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत पराभूत झाले. पुढे २०२१ च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी सुमारे तीस अब्ज डॉलरांची तरतूद करून दिवसाला सरासरी दहा डॉलर दराच्या पाळणाघरांची योजना हाती घेतली आणि पुन्हा एकेका प्रांताशी करार केले. ड्रायडन यांना ते आपल्या हयातीत पाहता आले.

प्रश्न : आइस हॉकीत डोक्याला होणाऱ्या दुखापतींबद्दल ड्रायडन यांनी आवाज उठवला होता. त्यांची नेमकी मागणी काय होती? (एक निवृत्त डॉक्टर, नागपूर)

उत्तर : स्टीव्ह माँटाडोर हे एनएचएलमधील बचावपटू फेब्रुवारी २०१५ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी मरण पावले. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूच्या तपासणीत, डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला जाणारा मेंदूचा ऱ्हास, म्हणजे ‘सीटीई’, आढळून आला. ड्रायडन यांनी त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेत २०१७ साली एक पुस्तक लिहिले. मैदानावरच्या तारकांपैकी कोणाची निवड न करता त्यांनी एका साध्या, मेहनती, सहकाऱ्यांना प्रिय असलेल्या खेळाडूची निवड केली, कारण लीग चालते ती अशा खेळाडूंच्या जोरावर.

त्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी इतिहासाची. पूर्वी एक खेळाडू सलग दोन-दोन मिनिटे बर्फावर राहत असे, त्यामुळे त्याला वेग राखून ठेवावा लागे. हळूहळू खेळाडू वारंवार बदलण्याची पद्धत आली, एकेकाची पाळी मिनिटाच्याही आत आली, आणि प्रत्येक जण पाळीभर पूर्ण वेगाने धावू लागला. वेग वाढला, अंगाने मोठे खेळाडू आले, टकरी वाढल्या आणि मेंदूला बसणारा हिसकाही वाढला. पण नियम जुन्या संथ खेळाचेच राहिले. दुसरी पायरी न्यायाची. उंच उचललेली स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याला लागली, तर ती चुकून लागली तरी खेळाडूला शिक्षा होते, कारण स्टिक ताब्यात ठेवणे ही त्याची जबाबदारी मानली जाते. मग खांदा, कोपर किंवा मूठ डोक्याला लागली तर हेतू काय होता, प्रतिस्पर्ध्याने मान खाली घातली होती का, ही चौकशी कशासाठी? मेंदूला बसणारा धक्का हेतू पाहून कमीजास्त होत नाही. म्हणून डोक्याला होणाऱ्या प्रत्येक आघाताला, कोणतीही सबब न ऐकता, शिक्षा व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती.

एनएचएलने २०१०-११ पासून डोक्यावरच्या काही प्रकारच्या धडकांवर बंदी घातली आणि पुढे नियम अधिक कडक केला, परंतु सरसकट बंदी अद्याप नाही. वैद्यकीय संशोधन पूर्ण होईपर्यंत थांबावे, हा लीगचा पवित्रा ड्रायडन यांना मान्य नव्हता. विज्ञानाला वेळ लागतो आणि खेळाडू आज बर्फावर आहे; तेव्हा उपलब्ध माहितीवर निर्णय घेणे हे निर्णय घेणाऱ्यांचे काम आहे, असे ते म्हणत. या बाबतीत मला त्यांच्यातला वकील आणि गोलरक्षक एकत्र दिसतो.

प्रश्न : खेळाबरोबर दुसरा व्यवसाय करणारे ड्रायडन एकटेच होते का? (एक विद्यार्थी, फोंडा, गोवा)

उत्तर : नाही. रेड केली हे टोरांटोकडून खेळत असतानाच १९६२ ते १९६५ या काळात कॅनडाच्या संसदेत खासदार होते, आणि त्याच काळात त्यांच्या संघाने स्टॅन्ले कपही जिंकला. १९८० च्या दशकातील एडमंटन ऑइलर्सचे बचावपटू रँडी ग्रेग हे डॉक्टर होते. पाच स्टॅन्ले कप त्यांच्या नावावर आहेत. परंतु मला आपले लक्ष हेली विकेनहायझर यांच्याकडे वेधायचे आहे. कॅनडाच्या महिला संघाकडून त्यांनी २००२ ते २०१४ या काळात चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, फिनलंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघातून खेळून गोल केला, २०१७ साली निवृत्ती घेतली, आणि कॅल्गरी विद्यापीठातून २०२१ साली वैद्यकीय पदवी मिळवली. टोरांटो मेपल लीफ्सच्या व्यवस्थापनातही त्यांनी काम केले आहे. त्यांचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आला आहे : २०१८ साली त्या लडाखला आल्या आणि तेथील मुलींबरोबर बर्फावर उतरल्या. गोठलेल्या तळ्यांवर खेळत घडलेल्या लडाखच्या मुलींच्या बळावरच भारताच्या महिला संघाने २०२५ साली आशिया करंडक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

प्रश्न : माझा नातू टोरांटोजवळ राहतो. पंधरा वर्षांचा आहे आणि गोलरक्षक म्हणून खेळतो. प्रशिक्षक म्हणतात की ज्युनिअर लीगकडे पाठवा. सुनेला त्याने आधी कॉलेज करावे असे वाटते. घरात रोज यावरून बोलणे होते. ड्रायडन यांच्या उदाहरणावरून काही सांगता येईल का? (एक आजी, ठाणे)

उत्तर : आजी, ड्रायडन यांच्या वेळी हे दोन रस्ते खरोखर वेगळे होते आणि कॉलेजचा रस्ता धरणारे फार थोडे एनएचएलपर्यंत पोहोचत. त्यानंतरही अनेक दशके, कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धेत खेळता येत नसे, कारण ज्युनिअर लीगमध्ये मिळणाऱ्या भत्त्यामुळे तो व्यावसायिक मानला जाई. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय मागे घेता येत नसे. हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून ज्युनिअर लीगमधील खेळाडूंनाही विद्यापीठाकडून खेळण्याची मुभा मिळाली आहे. त्यामुळे प्रशिक्षक आणि सूनबाई यांच्यापैकी एकाचे ऐकले म्हणजे दुसऱ्याचे मोडले, असे आता राहिलेले नाही. मात्र विद्यापीठात प्रवेशासाठी शाळेतले विषय आणि गुण यांच्या अटी कायम आहेत, आणि ज्युनिअर लीगच्या लांबलचक बसप्रवासांत अभ्यास मागे पडतो ही खरी अडचण आहे. ज्या संघाकडे तो जाईल, तेथे शाळेची काय व्यवस्था आहे, अभ्यासाकडे लक्ष देणारी व्यक्ती नेमलेली आहे का, आणि खेळून झाल्यावर शिक्षणासाठी संघ किती खर्च देईल, हे तीन प्रश्न मुलाच्या आईवडिलांनी सही करण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. गोलरक्षक इतर खेळाडूंपेक्षा उशिरा परिपक्व होतात, असे या खेळातले जाणकार सांगतात. त्यामुळे विद्यापीठात गेलेली तीन-चार वर्षे त्याच्या बाबतीत वाया जाण्याची भीती आणखी कमी. ड्रायडन एनएचएलमध्ये पहिला सामना खेळले तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.